अनेक पडद्यांवरील दृश्यप्रयोग : आज्ञा, काल आणि दोषशोधन

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच पडद्यावर चित्रपट दाखविला जात असता यंत्र बिघडले, तर प्रयोग थांबतो आणि दोष कोठे आहे हे बहुधा लवकर उमगते. तीन, सात किंवा शंभर पडद्यांवर एकाच वेळी चालणाऱ्या प्रयोगाची स्थिती निराळी असते. तेथे एखादे यंत्र बंद न पडता नुसते मागे पडते. त्यावरील चित्र स्वच्छ असते. परंतु शेजारच्या चित्राशी त्याचा मेळ राहत नाही. अशा वेळी प्रत्येक यंत्र सुटे करून तपासले तर ते निर्दोष ठरते आणि सर्व यंत्रे पुन्हा जोडली की प्रयोग सदोषच राहतो. याचा अर्थ असा की, दोष यंत्रात नसून यंत्रायंत्रांतील संबंधात असतो. आणि संबंध हा डोळ्यांना दिसणारा पदार्थ नव्हे.

हा संबंध टिकविण्याच्या योजनेस येथे 'समक्रमण' असे म्हटले आहे. अनेक पडद्यांवरील दृश्यप्रयोगांचा इतिहास बहुधा पडद्यांची संख्या आणि प्रेक्षकांचा विस्मय यांच्या अनुरोधाने सांगितला जातो. तोच इतिहास यंत्रांना दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या रूपाचा इतिहास म्हणून पाहिला, तर त्यातील दोषांची आणि त्यांवरील उपायांची संगती अधिक चांगली लागते, असे दिसून येते.

या आज्ञा मूलतः दोन प्रकारच्या आहेत. 'पुढील चित्र दाखव' ही एक, आणि 'त्रेचाळिसावे चित्र दाखव' ही दुसरी. 'पुढील', 'आता', 'येथे' या शब्दांचा अर्थ ते उच्चारले जातात त्या स्थितीवर अवलंबून असतो, हे भाषाभ्यासकांस परिचित आहे. ऐकणारा कोठे उभा आहे हे ठाऊक नसेल तर 'पुढील' या शब्दास निश्चित अर्थ उरत नाही. 'त्रेचाळिसावे' या शब्दाचे तसे नाही. पहिल्या प्रकारास सापेक्ष आणि दुसऱ्यास निरपेक्ष आज्ञा म्हणता येईल. हा भेद व्याकरणातला वाटला तरी यंत्रशाळेत त्याचे परिणाम फार ठोस असतात.

२. आज्ञेविना समक्रमण

आरंभीच्या प्रयोगांत आज्ञा अशी नव्हतीच. होते ते केवळ बंधन. ७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात आबेल गान्स यांचा 'नेपोलियन' हा मूकपट प्रथम दाखविण्यात आला. त्याच्या अखेरच्या भागात शेजारी शेजारी मांडलेल्या तीन पडद्यांवर तीन प्रक्षेपकांनी चित्रे टाकली जात. कधी तिन्ही मिळून एकच विस्तीर्ण देखावा दिसे, तर कधी मधल्या चित्राच्या दोहों बाजूंस निराळी चित्रे येत. चित्रीकरणाच्या वेळी तीन कॅमेरे एकावर एक रचून वापरले होते. तिन्ही फिती बरोबर चालल्या तरच देखाव्याला अखंडता येणार, हे उघड होते.

या मार्गाची परिणत अवस्था म्हणजे फ्रेड वॉलर यांची सिनेरामा पद्धती होय. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहात 'धिस इज सिनेरामा' हा तिचा पहिला प्रयोग झाला. ३५ मिलिमीटरच्या तीन चित्रफिती, तीन स्वतंत्र कक्षांतील तीन प्रक्षेपक, सुमारे १४६ अंशांचा वक्र पडदा, सेकंदास २६ चौकटींची गती आणि सात पट्ट्यांचा ध्वनी वाहणारी वेगळी चुंबकीय फीत, अशी ती रचना होती. चारही यंत्रांच्या मोटारी विद्युत्‌बंधनाने एकमेकींस जखडलेल्या असत. एकीचा आस जितका फिरेल तितकाच दुसरीचा फिरे. चित्रांच्या सांध्यावर उजेडाची रेघ दिसू नये म्हणून प्रक्षेपकाच्या खिडकीशी करवतीसारखे दाते असलेली पट्टी वेगाने वरखाली हलविली जाई.

या पद्धतीतील दोषनिवारणाचा एक नियम विशेष मननीय आहे. तीनपैकी एखादी चित्रफीत तुटून तिच्या काही चौकटी नष्ट झाल्या, तर नेमक्या तितक्याच काळ्या चौकटी तेथे जोडाव्या लागत. तसे न केल्यास उरलेल्या दोन चित्रफिती आणि ध्वनिफीत यांतूनही तितकाच भाग कापून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. वीस चौकटी गेल्या असतील तर त्या पडद्यावर सुमारे पाऊण सेकंद काळोख होई. परंतु मेळ बिघडत नसे. चित्र गेले तरी चालेल, गणना जाता कामा नये, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे व्यवहारात आलेले दिसते. प्रयोगात खंड पडणार हे इतके गृहीत होते की, निवेदक लोवेल थॉमस यांनी प्रेक्षकांशी बोलून वेळ निभावून न्यावी, अशी एक स्वतंत्र फीत त्या प्रसंगासाठी आधीच तयार करून ठेवली होती.

यांत्रिक बंधनाचा गुण असा की, त्यात सापेक्ष आणि निरपेक्ष हा भेदच उद्भवत नाही. त्याचा अवगुण असा की, एक यंत्र थांबले की सर्व यंत्रे थांबतात. खर्च आणि मनुष्यबळ यांचा भार वाढत गेला आणि १९६३ पासून सिनेरामा हे नाव ७० मिलिमीटरच्या एकाच फितीवरील चित्रपटांना लावले जाऊ लागले.

३. मॉस्को आणि माँट्रिअल

१९५९ च्या उन्हाळ्यात मॉस्कोतील सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे बकमिन्स्टर फुलर यांच्या रचनेच्या घुमटाखाली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी सात पडद्यांवर 'ग्लिम्प्सेस ऑफ द यू. एस. ए.' हा प्रयोग सादर केला. प्रत्येक पडदा वीस फूट उंच व तीस फूट रुंद होता आणि सुमारे बारा-तेरा मिनिटांत २,२०० हून अधिक चित्रे प्रेक्षकांपुढून जात. (याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये उदयास आली.) स्थिरचित्रेसुद्धा येथे चलच्चित्रफितीवर उतरविली होती आणि सातही प्रक्षेपक परस्परांशी जखडलेले होते. म्हणजे आशय नवा असला तरी समक्रमणाची रीत सिनेरामाचीच होती.

खरा पालट १९६७ च्या माँट्रिअल प्रदर्शनात दिसतो. चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात योसेफ स्वोबोदा आणि एमिल रादोक यांनी 'डायापोलिएक्रान' नावाची भिंत उभारली. ती ११२ चौकोनी पेटाऱ्यांची बनलेली होती. प्रत्येक पेटारा पुढेमागे सरकू शके आणि त्याच्या पोटात दोन स्लाइड-प्रक्षेपक बसविलेले होते. २२४ प्रक्षेपक आणि सुमारे पंधरा हजार स्लाइड यांना एका आसाने जखडणे अशक्य होते. कारण येथे प्रत्येक यंत्राने निराळ्या क्षणी निराळी क्रिया करावयाची होती. म्हणून आज्ञांची एक वेगळी फीत करण्यात आली. तीवर ७,५६,००० आज्ञा सांकेतिक रूपाने नोंदविल्या होत्या, असे सांगितले जाते. नाटकाची संहिता नटांपासून वेगळी असते, तशी प्रयोगाची संहिता चित्रांपासून येथे वेगळी झाली. पुढील अर्धशतकातील सर्व सोय आणि सर्व अडचण या एका विभाजनातून निघाली आहे.

त्याच प्रदर्शनातून उलट दिशेचा निष्कर्षही निघाला. अनेक प्रक्षेपकांचा मेळ राखण्याचा जाच अनुभवलेल्या रोमन क्रोइटर, ग्रेम फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्रचंड चौकटीचा मार्ग धरला. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात 'टायगर चाइल्ड' या चित्रपटाने आयमॅक्स पद्धतीचा आरंभ झाला. समक्रमणाच्या दोषावरील एक उपाय म्हणजे समक्रमणाची गरजच नाहीशी करणे, हे यावरून लक्षात यावे.

४. 'पुढील' या शब्दाचा दोष

कोडॅक कंपनीचा गोल तबकाचा कॅरोसेल प्रक्षेपक १९६१ मध्ये बाजारात आला. एका तबकात ऐंशी स्लाइड मावत. १९७० नंतरच्या काळात व्यापारी संमेलने, संग्रहालये आणि प्रदर्शने यांतून असे सहा, नऊ, पंधरा प्रक्षेपक एकत्र जोडून बहुचित्र-प्रयोग करण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. ध्वनिफितीच्या एका पट्टीवर संगीत व निवेदन, तर दुसऱ्या पट्टीवर प्रेक्षकांस ऐकू न येणारे आज्ञासंकेत, अशी साधारण योजना असे.

आरंभीचे हे संकेत सापेक्ष होते. संकेत पोचला की तबक एक घर पुढे सरके. फितीवरील एखाद्या डागामुळे एक संकेत बुडाला, किंवा कडा वाकलेली एक स्लाइड खाचेत अडकली, तर तो प्रक्षेपक एक घर मागे राही. आणि पुढील प्रत्येक संकेत त्याने बिनचूक पाळला तरी तो प्रयोगाच्या अखेरपर्यंत एक घर मागेच राही. किंबहुना तो आज्ञा बिनचूक पाळत असल्यामुळेच चूक टिकून राही. चालकाला अंधारात हाताने तबक एक घर पुढे ढकलावे लागे. आणि कोणत्या प्रक्षेपकाचे तबक ढकलावयाचे, हे त्याला पडद्याकडे पाहून क्षणात ठरवावे लागे.

गायनवादनाशी परिचित असलेल्या वाचकास यातील उणीव सहज कळेल. तबलजीची एखादी मात्रा इकडची तिकडे झाली तरी तो समेवर येऊन मिळतो. कारण आवर्तनात सम ही एक निश्चित जागा आहे. सापेक्ष संकेतांच्या फितीत सम नव्हती. मात्रा होत्या, पण कोणती मात्रा कितवी, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

सूक्ष्मप्रक्रियक आल्यावर ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील ऑडिओ व्हिज्युअल लॅबोरेटरीज या कंपनीने बहुचित्र-प्रयोगांसाठी झेड-८० प्रक्रियकावर चालणारा 'ईगल' हा संगणक काढला आणि त्याच्यासाठी 'प्रोकॉल' नावाची आज्ञाभाषा सिद्ध केली. (ईगल कंपनी पुढे स्वतंत्र संगणक-व्यवसायात उतरली.) तबकाचे कोणते घर खिडकीसमोर आहे याचा हिशेब यंत्राने स्वतः ठेवणे, आणि फीत मध्येच थांबवून पुन्हा सुरू केली तरी प्रत्येक प्रक्षेपकाने योग्य घरी जाऊन उभे राहणे, ही या पिढीतील यंत्रांची मोठी कमाई होय. 'पुढे सर' या आज्ञेची जागा 'या क्षणी अमुक ठिकाणी अस' या विधानाने घेतली.

५. क्षणाला नाव देणे

'या क्षणी' असे म्हणावयाचे तर क्षणाला नाव हवे. ते नाव दूरचित्रवाणीच्या संपादनकक्षांतून आले. चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा क्रमांक देणारा टाइमकोड १९६७ च्या सुमारास वापरात आला आणि १९७५ मध्ये त्याचे प्रमाणीकरण झाले. एका चौकटीचा संकेत ८० द्विमान अंकांचा असतो. त्यांतील १६ अंक कधीही बदलत नाहीत. या ठरावीक अंकांवरून वाचणाऱ्या यंत्रास चौकट कोठे संपली आणि फीत उलटी चालली आहे की सुलटी, हे कळते. बहुपडदा-प्रयोगास अखेर आपली सम सापडली.

परंतु नाव आणि वस्तू यांतील अंतर येथेही आड आले. अमेरिकेत १९५३ च्या रंगीत दूरचित्रवाणी-प्रमाणानुसार चौकटींची गती सेकंदास ३० नसून सुमारे २९.९७ आहे. क्रमांक मात्र तीसच्या हिशेबाने दिले, तर एका तासाच्या अखेरीस घड्याळ आणि क्रमांक यांत ३.६ सेकंदांचे, म्हणजे १०८ चौकटींचे अंतर पडते. यावर तोड म्हणून दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळावयाचे आणि दर दहाव्या मिनिटास गाळावयाचे नाहीत, असा संकेत ठरला. तासात ५४ वेळा दोन, म्हणजे १०८ क्रमांक गळतात. चित्र एकही गळत नाही, गळतात ती केवळ नावे. एक यंत्र गाळणीच्या रीतीने आणि दुसरे बिनगाळणीच्या रीतीने मोजत असेल, तर दोघेही आरंभी एकत्र असतात आणि दहा मिनिटांनी अठरा चौकटींनी दूर जातात. भारतात १९८२ पासून रंगीत प्रक्षेपणासाठी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत सेकंदास नेमक्या २५ चौकटी असल्याने ही विशिष्ट अडचण उद्भवत नाही. परंतु अमेरिकन यंत्रसामग्री आणि भारतीय चित्रफिती एकत्र आल्या की ती परकी राहत नाही.

याच काळात रंगमंच आणि संगीत यांच्या क्षेत्रांत दोन नियंत्रणपद्धती प्रमाण ठरल्या. त्यांच्या तुलनेतून प्रस्तुत भेद फार स्वच्छ दिसतो. १९८३ ची मिडी पद्धती घटना कळविते : स्वर सुरू झाला, स्वर थांबला. यांतील 'थांबला' हा निरोप वाटेत हरवला, तर स्वर अनंतकाळ वाजत राहतो. १९८६ ची डीएमएक्स-५१२ पद्धती स्थिती कळविते : पहिला दिवा इतका, दुसरा इतका, आणि ५१२ मार्गांची ही संपूर्ण यादी ती सेकंदास सुमारे ४४ वेळा पुन्हा पुन्हा सांगते. एखादी यादी हरवली तर पुढली यादी चूक आपोआप पुसून टाकते. १९९१ च्या मिडी शो कंट्रोलमध्ये तर 'चालू कर' ही आज्ञा क्रमांकासह देता येते आणि क्रमांकाविनाही. क्रमांक नसेल तर पुढला क्रम चालू होतो. एकाच क्रियापदाचे सापेक्ष आणि निरपेक्ष असे दोन्ही प्रयोग एका प्रमाणात शेजारी शेजारी नांदत आहेत.

६. संगणकाच्या युगातील जुने दोष

१९९० नंतर स्लाइड, फीत आणि तबकडी यांची जागा संगणकातील धारिकांनी घेतली. प्रत्येक पडद्यामागे एक संगणक आणि त्या सर्वांवर आज्ञा करणारा एक मुख्य संगणक, ही रचना रूढ झाली. सापेक्षतेचे दोष यामुळे संपले असे वाटण्याचा संभव आहे; प्रत्यक्षात ते तीन निराळ्या दारांनी परत आले.

पहिले दार घड्याळाचे. प्रत्येक संगणकास स्वतःचे स्फटिक-घड्याळ असते. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरला, तरी ८०० सेकंदांत, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटांत, पंचवीस-चौकटी गतीच्या चित्रात एका चौकटीचे अंतर पडते. केवळ आरंभाची आज्ञा एकत्र देऊन पुढे प्रत्येकास आपापल्या घड्याळावर सोडले, तर दीर्घ प्रयोगात मेळ सुटणे अटळ असते.

दुसरे दार चित्रसंक्षेपाचे. १९९३ च्या एमपेग-१ पासून पुढे आलेल्या बहुतेक पद्धतींत थोड्याच चौकटी संपूर्ण साठविल्या जातात. बाकीच्या 'शेजारच्या चौकटीपेक्षा इतका फरक' अशा रूपात असतात. म्हणजे 'पुढील' हा शब्द आता आज्ञेतून निघून चित्राच्याच पोटात शिरला. मुख्य संगणकाने निरपेक्ष आज्ञा दिली की 'अमुक चौकटीवर जा', तरी धारिकेस ती चौकट दाखविण्यासाठी मागील संपूर्ण चौकटीपासून हिशेब करीत यावे लागते. सलग पाहताना निर्दोष वाटणारी धारिका मधूनच सुरू करताना अडखळते, ती यामुळे. म्हणूनच प्रयोगांसाठी प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण ठेवणाऱ्या, परंतु आकाराने बऱ्याच मोठ्या धारिका पसंत केल्या जातात. आणि मग साठवणीच्या तबकडीतून त्या पुरेशा वेगाने निघतात की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरे दार ओळखीचे. १९९४ पासून पडदायंत्रे स्वतःची ओळख संगणकास कळवू लागली. ही सोय असली तरी प्रक्षेपक बंद असताना संगणक सुरू केल्यास त्याला तो पडदा नाहीच असे वाटते, आणि तो उरलेल्या पडद्यांना नव्याने क्रम देतो. 'दुसरा पडदा' हे निरपेक्ष वाटणारे नाव 'आता सापडलेल्यांपैकी दुसरा' असे सापेक्ष ठरते. ही ओळख जपून ठेवणारे लहानसे उपकरण मध्ये बसविणे, किंवा यंत्रे सुरू करण्याचा क्रम लिहून ठेवून तो पाळणे, हे यावरील प्रचलित उपाय आहेत.

या सर्व अनुभवांतून दोषशोधनाची जी रीत सिद्ध झाली, तिची दोन अंगे आहेत. पहिले अंग आज्ञेच्या प्रवासाचे. आज्ञा निघालीच नाही, निघाली पण पोचली नाही, पोचली पण पाळली गेली नाही, आणि पाळली गेली पण दिसली नाही, या चार अवस्थांपैकी कोणती, हे आधी ठरवावयाचे. शंकेची वाट मधोमध तोडून पाहणे आणि दोन सारखी यंत्रे अदलाबदल करून दोष यंत्राबरोबर जातो की जागेवरच राहतो हे पाहणे, ही त्याची साधने. उत्तर देणाऱ्या पद्धतींत हे काम सुकर होते. डीएमएक्स मुळात एकमार्गी होती. तिच्या यंत्रांना उत्तर देण्याची वाट २००६ च्या पूरक प्रमाणाने करून दिली.

दुसरे अंग दोषाच्या कालरूपाचे. अंतर आरंभापासून स्थिर असेल तर एखाद्या यंत्रास सुरू होण्यास लागणारा विलंब संभवतो. ते सावकाश व समान वाढत असेल तर गती किंवा गणना यांत भेद आहे. ते अचानक पडून तसेच राहिले तर एखादी सापेक्ष आज्ञा बुडाली आहे. आणि ते अचानक पडून क्षणात भरून निघाले, तर निरपेक्ष पद्धतीतील एखादी चौकट सुटली आहे. दोष एका क्षणी कसा दिसतो यापेक्षा तो काळात कसा वागतो, हे अधिक बोलके असते.

७. साधनांच्या जतनाचा प्रश्न

या विवेचनाचा इतिहासाच्या अभ्यासकाशी निकटचा संबंध आहे. सिनेरामाच्या तीन फिती आज हाती आल्या तर त्यांचा मेळ पुन्हा जुळविता येतो, आणि तसा तो अंकीय पुनरुद्धारात जुळविला गेलाही आहे; कारण समक्रमण त्या फितींच्या चौकटींतच मोजून ठेवलेले आहे. स्लाइड-प्रयोगांचे तसे नाही. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड-प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले. त्या काळातील प्रयोगांच्या स्लाइड अनेक ठिकाणी पेट्यांतून सुरक्षित असतील. परंतु आज्ञाफीत नसेल, किंवा ती वाचणारे यंत्र नसेल, तर त्या पेट्यांतून चित्रे मिळतात, प्रयोग मिळत नाही. शब्दकोश हाती आहे आणि वाक्यरचना लुप्त झाली आहे, अशी ती अवस्था होय.

संगणकयुगातील प्रयोगांवर हे संकट अधिक लवकर येण्याचा संभव आहे. कारण त्यांची संहिता विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट कार्यक्रमाखेरीज अन्यत्र वाचता येत नाही. म्हणून चित्रधारिकांबरोबर आज्ञांची यादी साध्या मजकुराच्या रूपात, कालक्रमांकांसह, जपून ठेवणे अगत्याचे आहे. त्याहूनही उपेक्षित साधन म्हणजे चालकांच्या टिपणवह्या. कोणते यंत्र प्रथम सुरू करावयाचे, कोणता प्रक्षेपक किती विलंबाने जागा होतो, कोठे हात घालून तबक पुढे ढकलावे लागते, ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. प्रयोग निर्दोष चालला तेव्हा यंत्रांमधील संबंध कोणाच्याच नजरेस आला नाही; तो बिघडला तेव्हाच कोणीतरी तो पाहिला आणि लिहून ठेवला. त्या अर्थी दोषांची नोंद हीच या कलेची सर्वांत विश्वसनीय संहिता ठरते, आणि संग्रहालयांनी तिला चित्रांच्या बरोबरीचे स्थान देणे उचित होईल.